पार्टी, साईझ आणि जीएसएम तिन्ही जुळवून रेट आणायचा आहे. सगळ्या ओळींत एकच रेट येतोय

लूम_एमआयडीसी
एक्सेल २०१६. 'रेट' शीटवर ए मध्ये पार्टी (गिऱ्हाईक), बी मध्ये टॉवेलचा साईझ (३०×६० वगैरे), सी मध्ये जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन), डी मध्ये रेट. ऑर्डर शीटवर तेच पहिले तीन कॉलम आहेत, डी रिकामा. व्हीलुकअप त्या पार्टीची पहिलीच ओळ उचलतो, म्हणून हे घातलं (इथं देवनागरीत लिहितोय):

=इंडेक्स(रेट!डी२:डी४००, मॅच(१, (रेट!ए२:ए४००=ए२)*(रेट!बी२:बी४००=बी२)*(रेट!सी२:सी४००=सी२), ०))

डी२ ते डी४१ सिलेक्ट करून कंट्रोल+शिफ्ट+एंटर दाबलं. चाळीसच्या चाळीस ओळींत पहिल्या ऑर्डरचाच रेट! एक सेल पुसायला गेलो तर ॲरेचा भाग बदलता येत नाही म्हणतो.

चाटीगल्ली
सूत्र बरोबर आहे, टाकायची पद्धत चुकली. चाळीस सेल एकदम धरून दाबलं की एक्सेल त्यांचा मिळून एकच ॲरे करतो. ए२ सगळ्यांसाठी ए२च राहतो, उत्तरही एकच.

डी२:डी४१ पूर्ण सिलेक्ट करून डिलीट मारा, मग पुसलं जाईल. आता फक्त डी२ मध्ये सूत्र टाका आणि कंट्रोल+शिफ्ट+एंटर. फॉर्म्युला बारमध्ये महिरपी कंस आपोआप दिसले पाहिजेत. हातानं टाईप केलेले चालत नाहीत. मग खाली ओढा. ओढण्याआधी रेट शीटच्या रेंजला डॉलर लावा ($ए$२:$ए$४००), नाहीतर डी३ मध्ये ती ए३:ए४०१ होते आणि वरच्या ओळी एकेक करून सुटतात.

एफ२ दाबून सूत्रात काही बदललं की परत तिन्ही बटणं. नुसतं एंटर मारलं की #एन/ए नाहीतर #व्हॅल्यू. ही कटकट नको असेल तर तिन्ही कंसांचा गुणाकार आणखी एका इंडेक्समध्ये गुंडाळा: मॅच(१, इंडेक्स((…)*(…)*(…), ०), ०). मग साधा एंटर चालतो.

होटगीरोड
ओ मालक, रेट मधेच वाढले तर काय करणार? मॅच वरून पहिली जुळणारी ओळ घेतो, म्हणजे जुनाच रेट. रेट शीटवर ई मध्ये लागू तारीख ठेवा, नवा रेट कायम खाली लिहा, ऑर्डरची तारीख ई२ मध्ये:

=लुकअप(२, १/((पार्टी)*(साईझ)*(जीएसएम)*(रेट!$ई$२:$ई$४००<=ई२)), रेट!$डी$२:$डी$४००)

पहिल्या तीन कंसांत तुमच्याच अटी. न जुळणाऱ्या ओळीत १ भागिले ० होऊन एरर येते, ती लुकअप सोडून देतो. २ कुठंच सापडत नाही, म्हणून शेवटचा १ धरतो, म्हणजे त्या तारखेपर्यंतचा शेवटचा रेट. कंट्रोल+शिफ्ट लागत नाही. मात्र तारखा चढत्या क्रमानं हव्यात.

समइफ्सनं रेट आणायच्या नादी लागू नका. तीच ओळ दोनदा लिहिली गेली असेल तर दोन्हींची बेरीज करून दुप्पट रेट देईल, आणि एरर काही दाखवणार नाही.

लूम_एमआयडीसी
डॉलर लावून झालं, रेट आले. फक्त तीन ओळींत #एन/ए. नावं डोळ्यांना तर सारखीच दिसतात.

चाटीगल्ली
डोळ्यांवर जाऊ नका. दोन्हीकडं =लेन(ए२) करा, तो अक्षरं मोजतो. आकडा वेगळा आला तर नावामागं स्पेस आहे, ट्रिम लावा. टॅलीतून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या नावात १६० नंबरची स्पेस असू शकते, ती ट्रिमनं जात नाही: सबस्टिट्यूट(ए२, कॅर(१६०), "").

जीएसएम एकीकडं आकडा, दुसरीकडं टेक्स्ट असेल तरी ४५० ला ४५० जुळत नाही. तो कॉलम धरून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, फिनिश. जीएसएमला ट्रिम लावू नका, आकड्याचं टेक्स्ट होतं.

आणि पार्टीचं नाव मर्ज करून चार ओळींवर पसरवलंय का? मर्जमध्ये नाव फक्त वरच्या सेलमध्ये असतं, खालचे तीन रिकामे.

लूम_एमआयडीसी
मर्ज नाही. लेन दोन्हीकडं ५, जीएसएमही आकडाच.

होटगीरोड
मग साईझ बघा. =युनिकोड(मिड(बी१७, ३, १)) दोन्ही शीटवर. २१५ आलं तर गुणाकाराचं चिन्ह, १२० आलं तर कीबोर्डवरचा इंग्रजी एक्स.

लूम_एमआयडीसी
रेट शीटवर २१५, ऑर्डरला १२०. कंट्रोल+एच करून बी कॉलममध्ये सगळीकडं एक्सच केला. तिन्ही रेट आले.