मुलगे भीतीबद्दल बोलतच नाहीत, चर्चा कशी घ्यावी?

प्रश्न: तेरा-चौदा वर्षांच्या मुलग्यांच्या वाचनगटात 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' (१९५४) ही निर्जन बेटावर अडकलेल्या मुलग्यांची विल्यम गोल्डिंगची कादंबरी घेतलीय. भीती, रडणं असा विषय निघाला की सगळे हसण्यावारी नेतात. काय करावं?

वाचनवेडा: "तुला कधी असं झालंय का?" हे चारचौघांत विचारूच नका. पात्राबद्दल विचारा. पहिल्याच प्रकरणात पिगी आपलं चिडवायचं नाव राल्फला सांगतो, इतरांना सांगू नको म्हणतो. आणि राल्फ, जो मनाने वाईट नाही, तेच नाव सगळ्यांसमोर फोडतो. हशा पिकतो. तेवढाच उतारा मोठ्याने वाचा आणि विचारा: हसणाऱ्यांना काय मिळालं? यावर मुलगे भरभरून बोलतात, कारण हे त्यांच्या रोजच्या जगण्यातलं आहे.

शाईपेन: सहमत. बोलण्याआधी पाच मिनिटं निनावी चिठ्ठ्या लिहून घ्या. अक्षर ओळखू येतं, म्हणून त्या तुम्हीच वाचून दाखवा. गट सहा-आठ जणांचाच बरा.

पानगळ: शेवटी राल्फ ढसाढसा रडतो, तो भाग गाळू नका. वाचून झाल्यावर लगेच तात्पर्य सांगितलंत तर मुलं गप्प होतात. चिठ्ठीत मारहाणीचा किंवा छळाचा उल्लेख आला तर ती गटात वाचू नका, त्याच दिवशी समुपदेशकाशी बोला.