पहाडात सहकुटुंब: स्थानिक हॉटेलांत काय मागवायचं, कसं मागवायचं?

कैरीपन्हे
अनारशांसाठी खसखस काढली आणि सिड्डू आठवला, म्हणून हा धागा. मे महिन्यात निम्मा महाराष्ट्र हिमाचलात असतो आणि तिथे जाऊनही पनीर बटर मसालाच मागवतो. मनाली, जिभी, स्पितीकडचं स्थानिक खाणं नीट कसं मिळवायचं ते लिहा.

सुरुवात करते. सिड्डू म्हणजे यीस्ट घालून फुगवलेल्या कणकेचा उकडलेला गोळा. आत खसखस, अक्रोड नाहीतर उडदाचं वाटण. थंडीत पीठ फुगायलाच तीन-चार तास लागतात, वर उकडायला वीस-पंचवीस मिनिटं. त्यामुळे फिरायला निघताना सांगून जा, परतताना खा. दोन मिनिटांत समोर आला तर आधीचा तापवून दिलाय असं समजा, कडा चिवट लागतात. तूप वरून नाही, मधोमध कापून आत ओतायचं. चौघांत आधी दोनच मागवा, जड असतो.

बंडूकाका_ठाणे
+१. जलोडी जोतावरच्या (जोत म्हणजे खिंड) टपऱ्यांतही मिळतो. पण तो घाट चढायच्या आधी मुलांना लोणी थापलेला आलू पराठा देऊ नका!! केळं, कोरडा टोस्ट बास. बाकी वर पोचल्यावर.

निवांत
राजमा-चावलबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं. मनालीत ९३ च्या आसपास, स्पितीतल्या काझाला ८८. म्हणजे उघड्या पातेल्यात राजमा कितीही उकळा, आतून कच्चा राहू शकतो. आणि कच्चट राजमा म्हणजे नुसता गॅस नाही, त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. लोक विरळ हवेला दोष देतात.

ऑर्डर देण्याआधी 'कुकर में बना है?' एवढं विचारा. ताटात आला की एक दाणा बोटांनी दाबून बघा. साल सुटून आत पिठूळ असेल तर खा. मध्ये टणक कणी लागली तर मुलांना अजिबात देऊ नका, मूगडाळ मागवा.

सई_नाशिक
बापरे, हे माहीत नव्हतं. मग चहाचं काय? तिकडचा फिका का लागतो?

निवांत
तेच कारण. पत्ती जास्त आणि उकळी लांबवायला सांगा. ८८ अंशाला अर्क हळू उतरतो.

कैरीपन्हे
आणि आल्याचा हवा असेल तर आलं ठेचूनच घालायला सांगा, काप नकोत.

खमंग
धाम राहिली की. मूळ लग्नाकार्यातलं जेवण, बोटी म्हणजे तिकडचे आचारी रांधतात, पंगत जमिनीवर, पत्तलवर. हॉटेलात 'धाम थाळी' म्हणून मिळते ती बहुतेक दुपारीच, संध्याकाळी मागितलीत तर उरलेलं. भात मध्ये, त्यावर एकेक पदार्थ येत जातो: मदरा (दह्यातला रस्सा), उडदाची डाळ, खट्टा (आंबट रस्सा), शेवटी मीठा भात. पहिल्याच वाढीला भात संपवू नका. पारंपरिक धामीत कांदा-लसूण नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय.
मदरा चांगला की नाही ते दह्यावरून कळतं. दही मंद आचेवर सतत हलवत शिजवावं लागतं. घाई केली की फुटतं, मग रस्सा दाणेदार आणि वर पाणी. तसा आला तर परत पाठवायला लाजू नका.

मत्स्यप्रेमी_मालवण
तीर्थनला ट्राउट खा. बहुतेक तळ्यात वाढवलेलीच असते, 'नदीतली' म्हणून जास्त पैसे देऊ नका. भाव किलोवर की नगावर ते आधी ठरवा. किलोवर असेल तर वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं तेही विचारा. तिथेच भांडणं होतात. पाठीकडून सुरी घालून वरची बाजू उचलली की मधला काटा अख्खा निघतो. मुलांना पाठीकडचा भाग द्या, पोटाकडचे बारीक काटे आपण खायचे. आणि आमच्या बांगड्यासारखी चव शोधू नका हो, गोड्या पाण्याची ती.

सई_नाशिक
शाकाहारी लोकांनी थुक्पा (तिबेटी नूडल्सचं सूप) मागवताना पाणी कशाचं ते विचारा. काही ठिकाणी रस्सा एकच असतो, फक्त वरचे चिकनचे तुकडे काढतात.

वाळवंटातली_वनिता
खसखशीवरून एक. तिकडून स्वस्त मिळाली म्हणून दुबईला येताना बॅगेत टाकू नका!! इथे बंदी आहे, मसाल्याच्या पुडीत मिसळलेली असली तरी अडकाल. सौदीतही तेच.

बंडूकाका_ठाणे
आणि अनारसे?

वाळवंटातली_वनिता
तीळ लावते 😭

खमंग
@वनिता, रवाळ हवे असतील तर बारीक रवा लावून बघा, तीळ तळताना तडतडून तूप उडतं.

रतनवाडीकर
एवढं लांब कशाला, भंडारदऱ्याला या. इकडे मेन्यू कार्ड नाही, घरगुती जेवण. आदल्या रात्री फोन करा; माणसं किती, भाकरी तांदळाची की नाचणीची, हे दोनच प्रश्न. गावरान कोंबडी चुलीवर दीड तास तरी घेते. बाराला येऊन एकला ताट मागितलं तर पिठलंच मिळणार. लहान मुलं असतील तर तिखट वेगळं काढायला फोनवरच सांगा, रस्सा झाल्यावर काही करता येत नाही.

सई_नाशिक
बिलाचं कोणीतरी सांगा ना. मागे 'सेवा शुल्क १०%' लावलं होतं एका ठिकाणी.

निवांत
ते ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बिलात आपोआप जोडता येत नाही, काढायला सांगायचं. जीएसटी वेगळा, साध्या हॉटेलात ५%. टपरीवाल्याने लावला तर बिलावर जीएसटी नंबर छापलाय का ते बघा.

सई_नाशिक
धन्स. आणि दही-भात मिळतो का कुठे? धाकटा दुसरं काही खात नाही.

बंडूकाका_ठाणे
साधा भात आणि दही वेगवेगळं मागवा, सगळीकडे मिळतं. दही थंडगार असतं, गरम भातात कालवून पाच मिनिटं ठेवा. मेतकुटाची पुडी घरून न्या.