सीलिअ‍ॅक आजारात व्हिलाय नेमके कशामुळे ढासळतात? ऊती कापणाऱ्या विकरांविषयी (एन्झाइम) मदत हवी आहे

मुलीला सीलिअ‍ॅक आजाराचे (गहू-जवातील ग्लुटेन या प्रथिनामुळे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते तो आजार) निदान झाल्यापासून घरात गहू, रवा, मैदा आणि जव पूर्ण बंद आहेत. ज्वारी-नाचणी आम्ही घरघंटीवरच दळतो, आणि डबीतल्या हिंगात गव्हाचे पीठ असते हे कळल्यावर तोही बंद केला. रक्तातील टीटीजी प्रतिपिंडे (या आजारात टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या विकराविरुद्ध तयार होणारी) आता सामान्य मर्यादेत आली आहेत. तरीही नव्या बायोप्सीच्या अहवालात ‘व्हिलाय अंशतः आखूड, मार्श ३ए’ अशी नोंद आहे (व्हिलाय म्हणजे लहान आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, आणि मार्श ही त्यांच्या इजेची श्रेणी). आतड्याचे अस्तर भरून यायला वेळ लागतो, हे डॉक्टरांचे म्हणणे मला पटते. पण तोवर आत काय चालू असते, हे समजून घ्यायचे आहे.

आजाराची सुरुवात कशी होते ते वाचून बऱ्यापैकी उमगले आहे. ग्लायडिन (ग्लुटेनचा एक घटक) पूर्ण पचत नाही, त्याच्या उरलेल्या तुकड्यांतील ग्लुटामिनचे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर ग्लुटामेट करते, आणि असे बदललेले तुकडे एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ (प्रथिनांचे तुकडे प्रतिकारपेशींना दाखवणारे रेणू) वर घट्ट बसून टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) चेतवतात. घोडे अडते ते यानंतर. व्हिलाय सपाट होतात ते वरच्या पेशी मारल्या गेल्यामुळे, की त्यांना आधार देणारी कोलॅजेन व प्रोटिओग्लायकॅनची जाळीच कापली जाते म्हणून?

मानवी गर्भाच्या आतड्याचे तुकडे प्रयोगशाळेत जोपासून त्यांतील टी पेशी चेतवल्या असता स्ट्रोमेलायसिन-१, म्हणजेच एमएमपी-३ (मेट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या ऊती कापणाऱ्या विकरांच्या गटातील एक), वाढते आणि अस्तर ढासळते, मात्र विकररोधक दिल्यास ते बरेचसे वाचते, हे १९९७ मधील प्रयोगांतून दिसले. सीलिअ‍ॅक रुग्णांच्या ड्युओडेनममध्येही (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) एमएमपी-१, एमएमपी-३ आणि एमएमपी-१२ वाढलेली आढळली आहेत. म्हणून मला हा मुद्दा दुय्यम वाटत नाही. प्रतिपिंडे उतरल्यावरही ही विकरे आणि त्यांना आवर घालणारी टिंप-१ सारखी प्रथिने यांचा तोल बिघडलेलाच राहू शकतो का, की आखूड व्हिलाय दिसत असतील तर आधी आहारातून नकळत पोटात जाणाऱ्या ग्लुटेनचाच शोध घ्यावा?

दुसरी शंका जस्ताची. मुलीला कमतरतेमुळे जस्ताच्या गोळ्या चालू आहेत, आणि या सर्व मेटॅलोप्रोटिनेजांना काम करण्यासाठी जस्ताचा अणू लागतो. अस्तर भरून येण्यासाठीही जस्त हवेच, त्यामुळे गोळ्यांनी विकरांना बळ मिळत नसावे असा माझा अंदाज आहे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करणार नाही. परंतु जैवरसायनशास्त्र जाणणाऱ्या कोणी यामागचे कारण समजावून सांगितले तर मोठी मदत होईल.

बायोप्सीचा मेणात बसवलेला ठोकळा प्रयोगशाळा जपून ठेवते. त्याच ठोकळ्यावर या विकरांसाठी वेगळे रंजन (ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसावीत म्हणून रंग देणे) करून पाहण्यात काही अर्थ आहे का, आणि त्याच्या निष्कर्षावरून आज उपचारात काही बदल करता येतो का, हेही पॅथॉलॉजीतील जाणकारांनी कृपया सांगावे.