मदत हवी आहे: बाबांच्या फुफ्फुसाचं ऑपरेशन, रोबोट की दुर्बीण? (सोमवारपर्यंत सांगायचंय)

माग_चालू
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. बाबांच्या उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला गाठ निघालीय, डॉक्टर म्हणतात तो लोब, म्हणजे फुफ्फुसाचा तेवढा भाग, काढून टाकायचा. दुर्बिणीतून केलं तर एक पॅकेज आणि रोबोटने केलं तर त्यावर सव्वादोन लाख जास्त. रोबोटच करा म्हणतात पण का ते नीट सांगायला वेळ नाही त्यांना, बाहेर ही गर्दी. सोमवारी ॲडव्हान्स भरायचाय. ज्यांच्या घरी झालंय त्यांनी फक्त एवढंच सांगा, रोबोट की दुर्बीण? बाकी 'धीर धरा' वगैरे नको, तो धरलेलाच आहे.

निमा७
वय किती? गाठ केवढी? बायोप्सी झाली का, झाली तर काय आलं? पेट स्कॅन, कॅन्सर कुठे चमकतो ते दाखवणारा? बिडी-सिगरेट? यातलं एक अक्षर नाही आणि थेट रोबोट. कोण आणि कसं सांगणार भाऊ?

न्यूजर्सीचा_बाळू
रोबोट. डोळे झाकून रोबोट. माझ्या मामांचं इथे झालं, तिसऱ्या दिवशी घरी येऊन चहा स्वतः केला त्यांनी. पैशाकडे बघू नका.

जुन्या_वळणाचा
पैशाकडे बघू नका हे डॉलरमध्ये कमावणारे सांगणार. माझ्या सासऱ्यांचं १९९८ ला ओपन झालं, पाठीपासून छातीपर्यंत चीर, आज ८४ वय आहे आणि पायी देवळात जातात. सर्जनचा हात आत गेला पाहिजे, बोटाला जे कळतं ते कॅमेऱ्याला कळत नाही.

माग_चालू
वय ६३. गाठ २.६ सेंमी. सुई टाकून बायोप्सी घेतली, ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. पेटमध्ये गाठ चमकली आणि छातीच्या मधे दोन लिम्फ नोड पण थोडे चमकलेत असं रिपोर्टात आहे. बिडी होती, १० वर्षांपूर्वी सोडली. आयुष्य यंत्रमागावर गेलं, इचलकरंजी. आधी इथल्या एका डॉक्टरांनी एक्सरेवर डाग बघून चार महिने एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, दिली, थुंकीत टीबी कधीच आला नव्हता, त्यात वेळ गेला म्हणून आता घाई. आता तरी सांगा, रोबोट की दुर्बीण?

छातीठोक
मी थोरॅसिक, म्हणजे छातीची, सर्जरी शिकतोय, अजून शिकतोच आहे, तेव्हा हा सल्ला म्हणून नका घेऊ, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून घ्या. तुम्ही एका ओळीत उडवून टाकलंत ते 'दोन नोड थोडे चमकलेत', सगळं तिथे अडलंय. नोडमध्ये कॅन्सर नसेल तर २.६ सेंमी म्हणजे पहिल्या स्टेजचाच आजार, लोब काढला की बहुतेक काम झालं. पण मधल्या नोडमध्ये असेल तर ती बहुधा तिसरी स्टेज, मग सहसा आधी औषध आणि ऑपरेशन नंतर, कधीकधी ऑपरेशनच नाही. आपल्याकडे गंमत अशी की पेटमध्ये टीबीच्या जुन्या गाठीसुद्धा कॅन्सरसारख्याच चमकतात, त्यामुळे नुसती चमक बघून हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण. त्यासाठी ईबस करतात, घशातून दुर्बीण श्वासनळीत नेतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, आणि नळीच्या भिंतीतून सुई घालून नोडचा तुकडा घेतात. झालीय का?

माग_चालू
नाही. त्याचं नाव पण कोणी काढलं नाही.

गव्हांकुर_प्रेमी
कृपया चाकू लावू नका. हवा लागली की गाठ चवताळते आणि सगळीकडे पसरते, आमच्या शेजारच्या काकूंचं तसंच झालं. रोज सकाळी गव्हांकुराचा रस, गोमूत्र अर्क, आणि दूध बंद.

निमा७
शेजारच्या काकूंना उघडलं तेव्हा आधीच पसरलेलं असणार, हवेने नाही पसरलं. माझ्या आईचे पाच महिने असल्याच रसात गेले. त्या आधी स्टेज दोन होती. दुसऱ्या धाग्यावर जा, इथे नको.

गव्हांकुर_प्रेमी
श्रद्धा नसली की गुण येत नाही.

हौशी_वाचक
पण आता आख्खा लोब काढतच नाहीत ना? मी वाचलंय की लोबमधला छोटा सेगमेंट काढला तरी चालतं, जपानवाल्यांनी सिद्ध केलंय. मग लोब कशाला?

छातीठोक
अर्धं बरोबर. १९९५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासानंतर बरीच वर्षं लोब काढणं हाच नियम होता. २०२२ ला जपानचा आणि २०२३ ला अमेरिकेचा मोठा अभ्यास आला, त्यात थोडा भाग काढलेल्यांचं लोब काढलेल्यांपेक्षा वाईट झालं नाही. पण ते सगळं २ सेंमीपर्यंतच्या आणि फुफ्फुसाच्या कडेला असलेल्या गाठींसाठी. यांची २.६ आहे.

इतिहासवेडा
लोब सोडा, सुरुवात आख्खं फुफ्फुस काढण्यापासून झाली! १९३३, अमेरिकेतलं सेंट लुईस, सर्जन एव्हर्ट्स ग्रॅहम. पेशंट स्वतः डॉक्टर होता. एका बाजूचं पूर्ण फुफ्फुस काढलं आणि तो जगला, इतका की सर्जनच्याही मागे राहिला. ग्रॅहम साहेब सिगरेटवाले, आधी सिगरेटने कॅन्सर होतो हे मानायलाच तयार नव्हते, मग १९५० ला स्वतःच त्यावरचा शोधनिबंध लिहिला, आणि १९५७ ला फुफ्फुसाच्याच कॅन्सरने गेले.

जुन्या_वळणाचा
म्हणजे ओपनच ना ते. मी काय सांगतोय.

न्यूजर्सीचा_बाळू
१९३३ मध्ये कार पण हँडल मारून चालू करायचे काका.

फुंकर
मी फिजिओथेरपिस्ट. सगळे कापण्यावर बोलताय, श्वासावर कोणीच नाही. फुंकायची टेस्ट, पीएफटी, झाली का? मागावर आयुष्य गेलंय म्हणजे कापसाची धूळ, वर बिडी, ते फुफ्फुस आधीच थकलेलं असणार. तो तीन बॉलवाला स्पायरोमीटर आजच आणा, जागेपणी दर तासाला दहा वेळा, ओढायचं आहे, फुंकायचं नाही, सगळे उलटंच करतात. आणि रोज चालणं. ऑपरेशननंतर छातीत नळी असते, बाटलीत बुडबुडे येत राहतात तोपर्यंत हवा गळतेय असं समजायचं, त्या दिवसात ज्यांनी आधी व्यायाम केलाय ते लवकर उठतात. दुखतं म्हणून खोकायचं टाळलं की कफ आत बसतो आणि न्यूमोनिया होतो.

माग_चालू
पीएफटी झालीय, ६८% असं काहीतरी लिहिलंय. स्पायरोमीटर आणतो. पण मी रोबोटचं विचारलं होतं. त्यावर कोणी बोलेल का??

छातीठोक
बोलतो. रोबोट स्वतः काही करत नाही, सर्जन बाजूला कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. फायदा असा की हत्यारं मनगटासारखी वळतात आणि चित्र खोलीसकट दिसतं, नोड साफ करताना बरं पडतं. दुर्बिणीचं, म्हणजे व्हॅट्स, तीनचार छिद्रांतून किंवा काही सर्जन ४ सेंमीच्या एकाच कापातून करतात, फासळ्या फाकवत नाहीत. ओपनच्या तुलनेत दोन्हीत दुखणं कमी आणि घरी लवकर. पण या दोघांत पेशंट जास्त जगतो असा फरक अजून कोणी दाखवलेला नाही. म्हणून सर्जनला हे विचारा की तुम्ही स्वतः वर्षाला असे किती लोब काढता आणि कशाने. ज्याचा हात दुर्बिणीवर बसलाय त्याने दुर्बिणीनेच करावं.

@जुन्या_वळणाचा काका, ओपन अजूनही लागतं, गाठ मोठी असली किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली तर. आणि दुर्बिणीतून चालू केलेलं मधेच ओपन करावं लागलं तर त्यात कोणाची चूक नसते, संमतीपत्रात ते लिहिलेलंच असतं.

न्यूजर्सीचा_बाळू
मामांचा सर्जन तर म्हणाला रोबोटशिवाय आता कोणी करतच नाही.

निमा७
ज्याने रोबोट विकत घेतलाय तो आणखी काय म्हणणार. @माग_चालू, बाबांना दुसरं काही आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत?

माग_चालू
विशेष काही नाही. बीपीची एक, शुगरची एक, आणि हार्टच्या दोन, मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली ना त्याच्या.

निमा७
अहो!!

फुंकर
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं दादा.

छातीठोक
ऑगस्ट चालू आहे, म्हणजे स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी) घालून पाचच महिने झालेत. त्या दोन गोळ्या रक्त पातळ ठेवणाऱ्या असणार. त्या चालू ठेवून ऑपरेशन केलं तर रक्तस्राव, आणि बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक, असं दोन्हीकडून आहे. टाळता येणारं ऑपरेशन असतं तर स्टेंटनंतर साधारण सहा महिने थांबतात, कॅन्सरमध्ये तेवढं थांबवत नाही, म्हणून कार्डिओलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ आणि सर्जन तिघांनी मिळून कुठली गोळी कधी थांबवायची ते ठरवायचं. तुम्ही घरी स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. सर्जनना माहीत आहे ना?

माग_चालू
अँजिओप्लास्टी दुसरीकडे झाली होती, फाइल तिकडची वेगळी. इथला फॉर्म भावोजींनी भरला. उद्या सकाळी विचारतो.

परळ_रिटर्न
वाटलं तर परळला टाटाला एकदा दाखवून घ्या, सगळे रिपोर्ट, स्कॅनच्या सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) सोबत न्या, नुसत्या स्लाइड नाही, ब्लॉक. गर्दी आहे, पहाटे पोचा. राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, आम्ही राहिलो होतो, स्वच्छ आणि माणसं भली. रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते पण त्या काउंटरवर विचारा, सव्वादोन लाखावर डोकं फोडण्याआधी.

हौशी_वाचक
परळला जेवायची सोय कुठे चांगली?

जुन्या_वळणाचा
पूर्वी खानावळी होत्या, आता सगळे टॉवर झाले.

छातीठोक
ब्लॉकचं बरोबर सांगितलंत. ईजीएफआर आणि एएलके, म्हणजे कॅन्सरच्या जनुकातले बदल शोधायच्या टेस्ट, त्याच्यातूनच होतात. नोडमध्ये कॅन्सर निघाला तर ते आधीच माहीत हवं. २०२२ च्या एका अभ्यासात ऑपरेशनआधी केमोसोबत इम्युनोथेरपीचे (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाचे) तीन डोस दिले तेव्हा काढलेल्या भागात शंभरातल्या २४ जणांच्या एकही जिवंत कॅन्सरपेशी उरली नव्हती, नुसत्या केमोने २ जणांच्या. पण ईजीएफआर असेल तर तो रस्ता वेगळा, तिथे ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज एक गोळी. तुमच्या नोडमध्ये काही नसेल तर यातलं काहीच बहुधा लागणार नाही.

माग_चालू
(सहा दिवसांनी) उशीर झाला लिहायला. सर्जनना स्टेंटचं खरंच माहीत नव्हतं. आधी चिडले, मग म्हणाले बरं झालं आता तरी सांगितलंत. कार्डिओलॉजिस्टने एक गोळी ठराविक दिवस बंद, दुसरी चालूच, असं लिहून दिलं. ॲडव्हान्स नाही भरला. ईबसचं मीच विचारलं, मंगळवारी झालं, बाबा म्हणाले घसा सोडला तर काही नाही. आज रिपोर्ट आला, दोन्ही नोडमध्ये कॅन्सर नाही, ग्रॅन्युलोमा लिहिलंय.

निमा७
सुटलात!

इतिहासवेडा
ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी? मग ते एकेटीवाले डॉक्टर बरोबरच होते की!

छातीठोक
ग्रॅन्युलोमा म्हणजे सुजेने जमलेला पेशींचा पुंजका, जुना टीबी असू शकतो, दुसरंही काही असू शकतं, कल्चर (जंतू वाढवून बघायची टेस्ट) पाठवलं असेल तर त्याला काही आठवडे लागतात. गाठ मात्र कॅन्सरचीच होती, त्यामुळे एक्सरेवरच्या डागाच्या बाबतीत ते चुकलेच.

माग_चालू
ते बघू नंतर. तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय. सर्जन म्हणतात दुर्बिणीने दीडशेच्या वर लोब काढलेत, रोबोटवर अकरा. आता परत तोच प्रश्न, काय करू?

न्यूजर्सीचा_बाळू
रोबोट.