सायकलने कामावर जायचं तर पुणं सोडायचं का?

पौडफाटा: काल एका धाग्यावर वाचलं, "सायकलने ऑफिसला जायचंय? ॲमस्टरडॅमला जा. पुण्यात ऊन, पाऊस, चढ." राहवलं नाही म्हणून लिहितेय. पाऊस तिकडे बारा महिने असतो. आणि तिथले रस्ते आयते मिळाले नव्हते. १९७१ साली नेदरलँड्समध्ये अपघातांत तीन हजारांवर माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, मग १९७३ ची तेलटंचाई आली, तेव्हा कुठे धोरण बदललं. आपल्याकडे तर सायकल आधीच होती! माझे वडील डेक्कनहून खडकीला रोज सायकलने जायचे.

वाघोलीकर: ताई, वडिलांच्या वेळचं पुणं केवढं होतं? मी वाघोलीहून हिंजवडीला जातो. ३० किलोमीटर. जाऊन दाखवा.

पौडफाटा: ३० किलोमीटर तिकडेही कुणी रोज सायकल मारत नाही. स्टेशनपर्यंत सायकल, पुढे रेल्वे.

उट्रेख्तहून: बरोबर. इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्त स्टेशनखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे. पण खरी गंमत चौकात आहे. मोटारवाल्याला सायकलवाला दिसेल इतक्या हळू मोटार वळते, कोपराच तसा बांधलाय. नुसता पट्टा रंगवून काही होत नाही.

नगररोड६७: पट्टा तरी बरा! आमच्याकडे सायकल ट्रॅक म्हणजे पेव्हर ब्लॉक, मध्ये विजेची डीपी, पुढे टपरी. गेल्या जुलैत बायकोचं चाक सुट्या ब्लॉकमध्ये अडकलं. मनगटात प्लेट घातलीय. पेव्हर ब्लॉकवर बंदीच हवी.

सिव्हिलवाला: ब्लॉकला दोष देऊ नका. खाली नीट दबाई करून वाळूचा थर दिला, कडेला कर्ब, म्हणजे काठाचा दगड, पक्का बसवला, तर ब्लॉक हलत नाही. केबलवाले खणतात आणि तसेच टाकून जातात.

नगररोड६७: मनगट तुमच्या घरी मोडलं असतं तर थर मोजत बसला असतात का?

सिव्हिलवाला: वीस वर्षं हेच काम करतोय. डांबर खणलं तरी खड्डाच राहतो.

उट्रेख्तहून: इथेही जुने मार्ग फरशांचे होते. आता बऱ्याच ठिकाणी गुळगुळीत लाल डांबर आहे. सायकलला डांबरच.

सिव्हिलवाला: सायकलसाठी डांबर, मान्य. पण खणणाऱ्याकडून दुरुस्ती आधी वसूल करा.

वाघोलीकर: अहो, मूळ प्रश्न राहिला! २०१७ ला पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला. भाड्याच्या सायकली आल्या नि गेल्या. आता काय?

पौडफाटा: आता पाच किलोमीटरच्या आतली शाळा, क्लास, मेट्रो स्टेशन, एवढं सलग जोडा. माझी मुलगी आठवीत आहे. शाळा दोन किलोमीटरवर, तरी रिक्षाने पाठवते. एका चौकामुळे.

वाघोलीकर: पाच किलोमीटरचं पटलं. माझ्या ३० चं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.

नगररोड६७: आणि त्या चौकात पेव्हर ब्लॉक नकोत.