मोदकांच्या यादीतून माझं नाव कुणी काढलं?

मंडळी,

काल मोदकांचं साइनअप शीट उघडलं तर माझं नाव गायब. कुणी काढलं ते विचारत नाही, मायेनंच काढलं असणार, पण गेली ११ वर्षं कळ्या पाडतेय मी, एक फोन तरी करायचात.

अर्ध्या मंडळाला अर्धवट माहिती आहेच तर आता पूर्णच ऐका. जुलैत मॅमोग्राममध्ये स्तनात गाठ दिसली, लंपेक्टॉमी झाली (फक्त गाठ काढली), मार्जिन क्लिअर, म्हणजे कडेला कॅन्सर उरला नाही, काखेतले दोन नोड (लसिका गाठी) काढले ते निगेटिव्ह. हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हॉर्मोनवर पोसणारी गाठ), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रोटीन जास्त नाही), म्हणजे रेडिएशन आणि मग निदान पाच वर्षं गोळी हे ठरलेलं. केमो लागणार की नाही ते मात्र ऑन्कोटाइप नावाच्या टेस्टवर अडलंय. गाठीचा तुकडा कॅलिफोर्नियात रेडवुड सिटीच्या लॅबला गेलाय, तिथे २१ जीन्स बघून ० ते १०० मधला एक आकडा देतात, जितका मोठा तितका कॅन्सर परत यायचा धोका जास्त. मी ५८ ची, नोड निगेटिव्ह, त्यामुळे २५ पर्यंत आला तर केमोनं फारसा फायदा नाही, असं २०१८ च्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं. त्याच्या वर गेला तर बाप्पा गेले की मी केमोला. दोन आठवडे लागतात म्हणाले, आज बारावा दिवस.

बायोप्सीचा रिपोर्ट मला डॉक्टरांच्या आधी आला होता. २०२१ पासून इथे अमेरिकेत रिपोर्ट तयार झाला की पेशंटला लगेच दिसतो, नियमच आहे. मी इंडियन ग्रोसरीत भेंडीची टोकं मोडून बघत उभी आणि फोन टिंग. 'कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर, एवढंच वाचलं. भेंडी घेऊन घरी आले कशी ते आठवत नाही, आठवड्यानं फ्रिजमध्ये काळी पडलेली सापडली. आता नोटिफिकेशन बंद केलंय आणि दिवसातून चाळीसदा स्वतःच ॲप उघडते, काय उपयोग!

गव्हांकुर, गोमूत्र, बेकिंग सोडा हे फॉरवर्ड कृपया थांबवा. डबेही पुरेत, फ्रीजरमध्ये चार घरच्या चार खिचड्या आहेत. नाव तेवढं परत घाला. मोठं पातेलं उचलणार नाही, डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण कळ्या पाडायला बोटं लागतात, काख नाही.

---

ताई, ७ वर्षांपूर्वी माझं प्रोस्टेट काढलं, तेव्हापासून दर सहा महिन्यांनी पीएसए, म्हणजे कॅन्सर परत आलाय का ते बघायची रक्ताची टेस्ट. सवय होते म्हणतात, ते खोटं आहे. रक्त देऊन आलो की रिपोर्ट येईपर्यंत मी गॅरेज आवरतो, खिळे साइजप्रमाणे लावून बरण्यांत भरून झालेत, आमची ही म्हणते दर महिन्याला टेस्ट करा की. एक सुचवतो, ॲपचा पासवर्ड मिस्टरांना बदलायला सांगा आणि तुम्हाला सांगू नका म्हणावं. क्लिनिकच्या नर्सलाही सांगून ठेवा, आकडा फोनवर डॉक्टरांकडूनच ऐकायचाय. आम्ही तसंच करतो.

---

अगं मीच काढलं नाव. सॉरी. आईला परळला टाटात न्यायचो तेव्हा तिलाही आम्ही असंच सगळ्यातून बाजूला बसवलं, पोळ्यासुद्धा लाटू देत नव्हतो, आणि ती चिडायची, ते आज तुझी मेल वाचताना आठवलं. शनिवारी सकाळी ८ ला, शाळेच्या किचनमध्ये, ३०० मोदक आहेत. उकड मी काढते, पातेली पोरं उचलतील. तुला खिडकीजवळची खुर्ची, आणि कुणी तब्येत विचारली तर मी बघते त्याच्याकडे.

---

नाव दिसलं, थँक्यू. पासवर्ड ह्यांनी बदललाय, आता चाळीसदा ह्यांचा चेहरा बघते.

आज तेरावा. (शब्द तसा वाईटच, पण काय करणार.) अजून आलेला नाही.

खोबरं फ्रोझन घेणार असाल तर आदल्या रात्रीच बाहेर काढून चाळणीत निथळत ठेवा, मागच्या वर्षी सारण पाणचट होऊन निम्मे मोदक वाफवताना फुटले होते.