कुंड्यांचा ओलावा मोजायला छोटा वायफाय बोर्ड : कोणता घेऊ? (सहा नोड, बॅटरीवर)

कुंडीतला_नोड
सहा कुंड्यांत प्रत्येकी एक नोड, म्हणजे बोर्ड, बॅटरी आणि ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सॉइल सेन्सर. दर ३० मिनिटांनी एक आकडा पाठवायचा, मग झोप. डबी आतून ७० × ४० × २५ मिमी. बॅटरी २००० मिलिअँपिअर-तासांची चपटी लिथियम, एका चार्जवर चार महिने तरी निघायला हवेत. कोड आर्डुइनोमध्ये. बजेट कडक आहे : सहा घ्यायचेत, त्यामुळे सगळ्यात स्वस्त वर्गातलाच बोर्ड. ड्रॉवरमध्ये सात ईएसपी-१२एफ (ईएसपी८२६६ चिपची) सुटी वायफाय मॉड्यूल पडून आहेत, पण ती जुनी म्हणून नवीन विचारतोय.

झणझणीत_सर्किट
ईएसपी३२-एस३ घ्या, विषय संपला. दोन कोर, २४० मेगाहर्ट्झ, यूएसबी ओटीजी. उद्या कॅमेरा लावावासा वाटला तर पुन्हा खरेदी नको.

कुंडीतला_नोड
कुंडीत कॅमेरा कशाला लावू?

तांब्याची_तार
ईएसपी३२-सी३ घ्या. रिस्क-व्हीचा एकच कोर, १६० मेगाहर्ट्झ, पण तुमच्या कामाला तोही जास्तच. डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, चिप ५ मायक्रोअँपिअर खाते. सेन्सर जीपीआयओच्या (सिग्नल आत-बाहेर करणाऱ्या पिना) ०, १, ३, ४ यांपैकीच एका पिनवर घ्या. ५ नंबरची पिन दुसऱ्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आहे, तिच्या वाचनावर विसंबू नका. २, ८, ९ या पिना बूटच्या वेळी तपासल्या जातात, त्यांवर काही लटकवू नका.

पिको_प्रेमी
रास्पबेरी पाय पिको डब्ल्यूचं नावच कुणी घेत नाही? त्यावर व्होल्टेज कमी-जास्त करून देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर आहे, १.८ ते ५.५ व्होल्ट काहीही द्या. बॅटरी थेट जोडा, वेगळ्या रेग्युलेटरचं (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) झंझटच नाही. माझ्याकडचे सगळे पिकोच.

मोजूनमापून
पिको चांगला, पण झोपेत वाईट. पूर्ण बोर्ड झोपवला तरी साधारण १ मिलिअँपिअर जातो. २००० भागिले १ म्हणजे २००० तास, ८३ दिवस. त्यांना चार महिने हवेत.

झोपाळू_चिप
सी३ला माझंही मत. झोपेत फक्त ५ मायक्रोअँपिअर.

मोजूनमापून
हे ५ मायक्रोअँपिअर चिपचे, बोर्डाचे नव्हेत. सगळे डेटाशीट वाचून सल्ला देताहेत आणि बोर्डावरच्या रेग्युलेटरकडे कुणी बघत नाही. स्वस्त बोर्डांवर बहुतेक एएमएस१११७ असतो. तो काही न करता साधारण ५ मिलिअँपिअर पितो. शेजारचा लाल पॉवर एलईडी आणखी एक-दीड. नुसत्या रेग्युलेटरचा हिशोब केला तरी २००० भागिले ५ म्हणजे ४०० तास, सतरा दिवसांत बॅटरी झोपली. चिप कोणतीही घ्या. शिवाय एएमएस१११७ला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये निदान १.१ व्होल्टचा फरक लागतो. लिथियम बॅटरी ३.७ वर आली की तिकडून ३.३ निघतच नाही, वायफाय चालू होताना ब्राउनआउट (व्होल्टेज पडून चिप बंद) आणि मग रीसेटचं चक्र.

झणझणीत_सर्किट
एलईडी उपटून टाकायचा, त्यात काय.

मोजूनमापून
एलईडी उपटाल, रेग्युलेटरचं काय?

रेडिओवाली
सी३चे ते अंगठ्याएवढे बोर्ड घेणार असाल तर अँटेना आधी बघा. काहींत सिरॅमिक अँटेना क्रिस्टलला चिकटून बसवलेली असते, राउटर समोर असूनही जोडणी होत नाही. अशा बोर्डावर ट्रान्समिट पॉवर ८.५ डीबीएमवर उतरवली की बऱ्याचदा लगेच जोडला जातो. ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे. दुसरं, अँटेनाभोवती १५ मिमीपर्यंत धातू नको. तुमच्या डबीत चपटी बॅटरी अँटेनाखाली सरकणार हे मी आत्ताच सांगून ठेवते. आणि ओली मातीही सिग्नल खाते, डबी कुंडीच्या काठावर ठेवा, मातीत पुरू नका.

भविष्यवेधी
आज घ्यायचं तर ईएसपी३२-सी६. वायफाय ६, शिवाय स्मार्ट-होम उपकरणांची थ्रेड, झिगबी ही वायरलेस जाळी, सगळं एकात. सी३ घेणं म्हणजे कालचं वर्तमानपत्र विकत घेणं.

तांब्याची_तार
अर्ध्या तासाला एक आकडा पाठवायला वायफाय ६? आणि सी६सुद्धा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, ५ वर नाही.

भविष्यवेधी
५ म्हणालोच नाही मी. वायफाय ६ आणि ५ गिगाहर्ट्झ यांत गल्लत करू नका.

निळा_दात
वायफायच कशाला? एनआरएफ५२८४० चिपचा बोर्ड घ्या, ब्लूटूथ लो एनर्जीवर नाणे-सेल पुरतो.

कुंडीतला_नोड
महाग वर्गातला आहे तो, आणि घेणारं यंत्र वेगळं लागेल. बजेट वर लिहिलंय हो.

रेडिओवाली
घेणारा एक नोड ठेवायची तयारी असेल तर ईएसपी-नाऊ वापरा, त्यात ईएसपी चिपा एकमेकींशी थेट बोलतात. राउटरशी हस्तांदोलन नाही, आयपी पत्ता मागणं नाही. एका निरोपात २५० बाइट बसतात, तुम्हाला दहाही लागणार नाहीत. वायफाय जोडून एमक्यूटीटीने (नेटवर्कवरून निरोप पोचवायची पद्धत) पाठवायला चारेक सेकंद जागं राहावं लागतं, यात पाव-अर्ध्या सेकंदात काम. फक्त दोन गोष्टी. घेणारा नोड राउटरलाही जोडलेला असेल तर तो राउटरच्याच चॅनेलवर बसतो. राउटरचं चॅनेल 'ऑटो'वर असलं की एके दिवशी तो बदलतो आणि सहाही नोड मुके होतात. १, ६ किंवा ११ असं काही एक पक्कं करून टाका. दुसरं, घेणाऱ्यात वायफायची स्लीप बंद करा, नाहीतर निम्मे निरोप हवेत.

झोपाळू_चिप
सेन्सरकडेही बघा. या सेन्सरवर ५५५ टायमर असतो. टीएलसी५५५ असेल तर ३.३ व्होल्टवर बरोबर. एनई५५५ छापलेलं असेल तर परत करा, त्याला निदान ४.५ व्होल्ट लागतात. काही तुकड्यांत आउटपुटचा १ मेगाओमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नसतो. अशा वेळी आकडा बदलायला मिनिट मिनिट घेतो आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. मीटरने आउटपुट ते ग्राउंड मोजा, १ मेगाओम दिसला पाहिजे. कापलेल्या कडांना वॉर्निश लावा, पाणी तिथूनच आत शिरतं.

पिको_प्रेमी
पिकोवर ही कटकटच नाही.

झोपाळू_चिप
सेन्सर तोच आहे हो!

मोजूनमापून
सेन्सरला ३.३ची लाइन कायम देऊ नका, तोही ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. एका जीपीआयओवरून चालवा, चालू केल्यावर १०० मिलिसेकंद थांबा, दहा वाचनांतलं मधलं घ्या, बंद करा.

कुंडीतला_नोड
सगळ्यांचे आभार. ठरलं, आणि शिव्या बसणार हे माहीत आहे. नवीन काहीच घेत नाही, ड्रॉवरमधली ईएसपी-१२एफच वापरतो. सहा नोडला, सातवं घ्यायला. सुट्या मॉड्यूलवर ना एएमएस१११७, ना पॉवर एलईडी. रेग्युलेटर एमसीपी१७००, स्वतः २ मायक्रोअँपिअरच्या आत खातो. तो २५० मिलिअँपिअरच देतो, आणि सी३ पूर्ण ताकदीवर पाठवताना ३००च्या वर उडी मारतो, म्हणून सी३ला तो पुरला नसता. ईएसपी८२६६ची उडी १७०च्या आसपास. सोबत ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.
झोपेत २० अधिक २ मायक्रोअँपिअर. ईएसपी-नाऊने ०.३ सेकंद ८० मिलिअँपिअर धरले तर दर अर्ध्या तासाला सरासरी १३ मायक्रोअँपिअर. एकूण ३५. कागदावर साडेसहा वर्षं येतात, बॅटरी त्याच्या कितीतरी आधी म्हातारी होईल.

भविष्यवेधी
२०१४ची चिप! शुभेच्छा.

तांब्याची_तार
हिशोब बरोबर आहे, पण एडीसी एकच आणि तोही ० ते १ व्होल्टचा. सुट्या मॉड्यूलवर डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी रेझिस्टरची जोडी) नसतो. सेन्सर ३ व्होल्टपर्यंत जातो, २२० किलोओम वर आणि १०० खाली लावा, म्हणजे ०.९४ येईल. मग बॅटरी कशी मोजणार?

कुंडीतला_नोड
नाही मोजणार. निरोपात अनुक्रमांक जाईल, दोन तास काही आलं नाही की चार्जिंगला.

तांब्याची_तार
हे मला पटलेलं नाही.

मोजूनमापून
पिनांमधलं अंतर २ मिमी आहे, ब्रेडबोर्डवर बसणार नाही. ईएन (चिप चालू ठेवणारी पिन), रीसेट आणि जीपीआयओ ० ला १० किलोओमच्या रेझिस्टरने वर, ३.३ कडे ओढा, १५ ला १० किलोओमने खाली, ग्राउंडकडे. खालच्या कडेच्या सहा पिना फ्लॅशच्या आहेत, त्यांना हात लावू नका. जागं होण्यासाठी जीपीआयओ १६ रीसेटला जोडावी लागते, ती विसरलात तर एकदा झोपला की झोपलाच.

कुंडीतला_नोड
ती जोडली आहे. पहिल्या मॉड्यूलवर आता प्रोग्रॅमच चढत नाहीये. जीपीआयओ ० ग्राउंडला धरूनच रीसेट देतोय.

मोजूनमापून
त्याच तारेमुळे. १६ आणि रीसेट यांच्यामध्ये जंपर टाका, प्रोग्रॅम चढवताना काढा, मग परत लावा.

कुंडीतला_नोड
चढला. उरलेल्या पाचांनाही जंपर लावतो.